अप्पांनी पसंत केलेली विहीर

आमच्या अप्पांनी माझ्या थोरल्या बहिणीसाठी, म्हणजे अक्कासाठी, नवरा शोधला नाही. त्यांनी विहीर शोधली. त्या विहिरीला लागून एक घर होतं, घरात एक मुलगा होता, तो आमचा दाजी झाला.

हे मी उगाच चेष्टेनं म्हणत नाही. अहमदपुरात अप्पांचं मोटारींचं दुकान आहे. मोटारी म्हणजे विहिरीत, बोअरमध्ये सोडायच्या पाण्याच्या मोटारी. सोबत पाइप, केबल, स्टार्टर. धंदा मोठा मजेचा. बोअरला पाणी लागलं की गिऱ्हाईक मोटार घ्यायला येतं. पाणी खाली गेलं की तेच गिऱ्हाईक जास्त ताकदीची मोटार घ्यायला येतं. पाणी पारच आटलं की ते फक्त चहा प्यायला येतं, आणि मग अप्पा आणि गिऱ्हाईक मिळून सरकारला शिव्या देतात. म्हणजे दुष्काळातही दुकान कधी रिकामं राहिलं नाही.

पण साऱ्या तालुक्याला पाणी वर ओढायची यंत्रं विकणाऱ्या या माणसाच्या घरी नळाला पाणी मनात आलं तर यायचं, आणि उन्हाळ्यात टँकर. अक्काचं अर्धं लहानपण त्या टँकरमागं गेलं. मी धाकटी आणि किडकिडीत, म्हणून घागर उचलायचं काम तिच्याकडे आणि टँकरवाल्याशी भांडायचं काम माझ्याकडे. अप्पा सकाळी गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसत. तिला तांब्याभर पाणी लागे, आणि तो तांब्या अक्काच्या घागरीतून भरलेला असे. "महादेवाच्या डोक्यावर गंगा अन् माझ्या डोक्यावर घागर," असं अक्का मोठ्यानं म्हणायची. आई तिला दटावायची. अप्पा मात्र पूजा तेवढी आटोपती घ्यायचे. त्यांना ते फार लागायचं, हे मला आता कळतं. त्यातूनच त्यांनी मनाशी पक्कं केलं की पोरगी द्यायची ती पाण्यावर. बाकी काहीही चालेल.

आणि बाकी काहीही चालेल म्हणजे खरंच काहीही. स्थळ बघायला गेलं की लोक शेती विचारतात, नोकरी विचारतात, मुलगा पितो का हे शेजाऱ्याला विचारतात. अप्पा चहा यायच्या आधी उठायचे आणि म्हणायचे, "जरा आड बघू." आड म्हणजे घरची विहीर. मग काठावर ओणवं होऊन आत खडा टाकायचा, कान लावायचा, दगडांवरची शेवाळाची रेघ बघायची. निलंग्याच्या एका घरी आडात पाण्याऐवजी मोडक्या खुर्च्या निघाल्या. उदगीरला आड नव्हता, बोअर होता, तर यांनी मोटार चालू करायला लावली आणि धार कधी तुटते ते बघत उभे राहिले. शेजारी नवरा मुलगा पोह्यांची बशी धरून उभा. त्या पोह्यांचं शेवटी काय झालं कुणास ठाऊक. लातूरचा एक चांगला इंजिनिअर मुलगा होता, अक्कालाही फोटो बरा वाटला होता. अप्पा घरी येऊन म्हणाले, "पोरगा इंजिनेर हाय, पण आड कोरडा हाय." आईनं कपाळाला हात लावला.

एक मात्र होतं. अप्पा पाणी बघायचे, पण तोंडाला लावायचे नाहीत. आमच्याकडे जुनी रीत आहे की लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आता स्थळ बघताना कसली लेक आणि कसलं तिचं घर? पण अप्पांचा हिशेब निराळा. उद्या सोयरीक जमली तर आज प्यालेलं पाणी मोजलं जाईल, म्हणून ते आधीपासूनच पाळायचे. अहमदपुरातून बाटली भरून न्यायचे आणि लोकांच्या ओसरीवर बसून स्वतःचंच पाणी प्यायचे. समोरच्याला वाटायचं, पाहुण्यांना आमची किळस येते की काय.

मग दाजींचं स्थळ आलं. दाजी मूळचे उदगीरकडचे, आमच्यातलेच, पण नोकरी रायगड जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावात झेडपीच्या शाळेवर. मराठवाड्यात डीएड झालेल्या पोरांची ही ठरलेलीच कथा. जागा निघतात कोकणात, पोरं जातात, आणि पहिल्या दिवसापासून बदलीचा अर्ज लिहायला घेतात. दाजींच्या मागं उदगीरला कुणी उरलं नव्हतं, बदली काही होत नव्हती, म्हणून त्यांनी तिकडंच एक बैठं घर घेतलं होतं. अंगण, चार माडाची झाडं आणि अंगणात विहीर.

अप्पा हे स्थळ बघायला गेले ते एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये आमच्याकडे विहिरीत माणूस उतरून गाळ काढतो. तिथं यांनी कठड्यावर हात टेकून आत वाकून पाहिलं, तर पाणी हाताला लागेल इतकं वर. खडा टाकायची गरजच नाही. अप्पांनी आयुष्यात असं पाहिलं नव्हतं. सोबत गेलेला मामा सांगायचा की अप्पा विहिरीकडे बघत किती तरी वेळ उभेच राहिले, आणि मग डोळे पुसले. दाजी बिचारे सरळ मनुष्य. ते म्हणायला लागले, "पाणी जरा..." अप्पा म्हणाले, "पाण्याचं मला नका सांगू. जिंदगी गेली माझी पाण्यात." सोयरीक तिथंच जमली. चहा नळाच्या पाण्याचा होता, तोही अप्पांनी घेतला नाही. विहिरीचं पाणी चाखायचा प्रश्नच नव्हता, कारण आता ते लेकीच्या घरचं पाणी झालं होतं.

घरी आल्यावर रात्रीच्या जेवणापर्यंत नुसती विहीर चालली होती. किती वर, किती निवळ, माडांची सावली कशी पडते. शेवटी आईनं विचारलं, "आवं, पण मुलगा कसा हाय?" अप्पांनी जरा आठवून पाहिलं. "हाय की," ते म्हणाले. "बरा हाय."

अक्काला कुणीच काही विचारलं नाही. टँकर सुटतोय म्हटल्यावर तिनं समुद्राशीसुद्धा लग्न केलं असतं, असं ती मला नंतर म्हणाली.

लग्नानंतर महिनाभरातच तिचा मला फोन आला. मी तेव्हा नांदेडला नोकरीला लागले होते. पहिलंच वाक्य, "दाळ शिजंना." मग सगळं बाहेर आलं. विहिरीचं पाणी खारं. साबणाला फेस नाही, चहा फाटतो, केस वाळले की काथ्यासारखे होतात. विहीर काठोकाठ भरलेली कारण खाडी तिच्यात जमिनीखालून येऊन बसली होती. गावातले म्हातारे सांगत की त्यांच्या लहानपणी तीच विहीर गोड होती, साऱ्या आळीचं पाणी तिच्यावर चालायचं. आता प्यायला पंचायतीचा नळ, तो एक दिवसाआड, आणि उन्हाळ्यात, ऐक आता, टँकर. "इतक्या लांब येऊन मी पुन्हा टँकरच्याच लायनीत हाय," अक्का म्हणाली आणि हसायला लागली. मीही हसले. दोघी पोट धरून हसलो, आणि मग ती एकदम म्हणाली, "अप्पाला सांगू नको हं. त्यांना सोसायचं न्हाई."

ती अप्पांशी कधी खोटं बोलली नाही. अप्पा फोनवर विचारायचे, "पाणी कसं हाय?" ती म्हणायची, "भरपूर हाय." इतकं खरं उत्तर आमच्या घराण्यात कुणी कुणाला दिलं नसेल.

इकडे अप्पांना आभाळ ठेंगणं झालं. दुकानात कुणीही येवो, केबल घ्यायला आलेला माणूस विहीर ऐकून जायचा. "पोरगी पाण्यावर दिली," हे वाक्य तर त्यांनी इतक्यांदा म्हटलं की लोक त्यांच्याकडे स्थळांचा सल्ला विचारायला येऊ लागले. मठातल्या स्वामींकडे पत्रिका बघायची आणि अप्पांकडे विहीर विचारायची, असा तालुक्यात शिरस्ताच पडला. मोटार कुठली घ्यावी यात त्यांचा शब्द चालायचाच, आता जावई कुठला करावा यातही चालू लागला. माझं लग्न झालं तेही याच परीक्षेतून. माझ्या नवऱ्याला गोदावरीनं पास केलं. नांदेडला नदी आहे, धरण आहे, एवढं अप्पांना पुरलं. नळ आमच्याकडेही लहरीनंच येतो, पण नदी दिसते ना, मग झालं.

मी शाळेत भूगोल शिकवते. समुद्राची पातळी वाढते आहे, हा धडा मी दर वर्षी घेते. पृथ्वी तापते, बर्फ वितळतो, तापलेलं पाणी फुगतं, किनारे खचतात, विहिरी खाऱ्या होतात. वर्गातल्या निम्म्या पोरांनी समुद्र फक्त फोनमध्ये पाहिलेला. एकदा मागच्या बाकावरून एकानं फार आशेनं विचारलं, "मॅडम, मग नांदेडला कवा येईल?" सगळा वर्ग ताठ होऊन उत्तराची वाट बघायला लागला. मी म्हटलं, नाही येणार, आपण फार उंचावर आहोत. वर्गाचं तोंड उतरलं. "आपल्याकडं कायच येत न्हाई," एक पोरगी म्हणाली. मी हसून पुढचा मुद्दा फळ्यावर लिहायला लागले, आणि लिहिता लिहिता अक्काची शिजत नसलेली दाळ आठवली आणि खडू हातातच राहिला. धड्यातली विहीर माझ्या बहिणीच्या अंगणात होती.

तोवर तिकडं गोष्ट विहिरीपुरती राहिली नव्हती. शेतात समुद्र शिरू नये म्हणून गावानं पूर्वी मातीचा बांध घातलेला. तो फुटला. डागडुजी झाली, पुन्हा फुटला. भाताच्या शेतात खारं पाणी बसलं आणि त्या जागी आता खाऱ्या जमिनीतली झुडपं वाढली. अमावस्या-पुनवेला मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. पूर्वी ती बांधाला टेकून परत जायची. आता ती रस्ता ओलांडून दाजींच्या अंगणात यायची, विहिरीच्या कठड्याला वळसा घालायची आणि पायरीशी थांबायची. मग एका वर्षी पायरी चढली. अक्का कॅलेंडरवर आमच्यासारखे उपास बघत नव्हती, उधाण बघत होती.

अप्पांनी टीव्हीवर अशा गावांची बातमी पाहिली तेव्हा ते चिडले. "येतंय अन् जातंय की पाणी! आपल्याकडं येतच न्हाई त्याची बातमी दाखवा म्हणावं."

अक्काला मुलगी झाली, बाळंतपण अहमदपूरलाच झालं, आणि रीतीप्रमाणे अप्पांना लेकीच्या घरचं पाणी प्यायची परवानगी मिळाली. पण दुकान सोडून जायला त्यांना सवड मिळेना. आज जातो, हंगाम झाला की जातो, असं करत नात बोलायला लागली तेव्हा कुठे आम्ही दोघं निघालो. अप्पांनी भेट म्हणून काय घेतलं? मोटार. चांगली नवी, खोक्यातली, पाइप-केबलसकट. "काठोकाठ आड अन् माझी पोरगी दोरीनं पाणी ओढती, हे बरं दिसत न्हाई," म्हणाले. ते खोकं ट्रॅव्हल्सच्या गाडीत माझ्या पायाशी होतं. मी रात्रभर पाय पोटाशी घेऊन बसले आणि मोटार आरामात झोपली.

पोचल्या पोचल्या अप्पा चूळ भरायच्या आधी विहिरीकडे गेले. अक्का म्हणाली, "अप्पा, घरातलं प्या, नळाचं भरून ठेवलंय." पण इतकी वर्षं थांबलेला माणूस कुठला ऐकतो? त्यांनी पोहरा सोडला, ओंजळ भरली, डोळे मिटले, महादेवाचं नाव घेतलं आणि प्याले. मग जे झालं ते लिहायला माझी हरकत नाही, पण अप्पा हयात आहेत. एवढंच सांगते की माडाच्या बुंध्याला ते पाणी मिळालं, आणि अप्पा बराच वेळ कठड्याला धरून उभे राहिले. दाजी मान खाली घालून म्हणाले, "मी तेव्हा सांगणार होतो."

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. अक्काकडेही नाही. ते घरात येऊन खुर्चीवर बसले ते दुपारपर्यंत.

दुपारी उधाण आलं. आधी फाटकाखालून एक चकचकीत रेघ आली, मग तिची चादर झाली. अक्कानं सवयीनं पदर खोचला. तांदळाचा डबा, गॅसची टाकी, चटया, सगळं वर. अप्पा उठले, त्यांच्या डोळ्यांत एकदम जुनी चमक आली. पाणी होतं आणि मोटार होती. बाकी गोष्टी त्यांना कळत नसतील, पण या दोन त्यांना कळत होत्या. त्यांनी खोकं फोडलं, विहिरीसाठी आणलेली मोटार अंगणातल्या पाण्यात सोडली, पाइप भिंतीवरून बाहेर टाकला आणि बटण दाबलं. मोटार उत्तम चालली. भिंतीपलीकडे हे जाडजूड धार पडायला लागली. भिंतीपलीकडेही समुद्रच होता. पडलेलं पाणी फाटकाखालून परत आत येत होतं आणि अप्पा ते पुन्हा बाहेर फेकत होते. शेजारच्या म्हातारीनं भिंतीवरून डोकावून विचारलं, "पाव्हणं, समुद्र रिकामा करताय काय?" मला इतकं हसू आलं की मी स्वयंपाकघरात पळाले.

आणि खरं सांगते, पाणी उतरलं! तास-दीड तासानं अंगण मोकळं झालं. ओहोटी लागली होती, पण अप्पांना ते कोण सांगणार? त्यांनी मोटार बंद केली, धोतर पिळलं आणि जावयाला म्हणाले, "बघा. एवढंच होतं. उगं घाबरून राहिले तुम्ही." त्या रात्री ते पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी पाणी परत आलं, आदल्या दिवशीपेक्षा थोडं उशिरा आणि थोडं जास्त. अप्पा मोटारीशी गेले. उचलली, हातात धरली, आणि तशीच ठेवून पायरीवर बसले. पाणी त्यांच्या पायाला लागलं तरी उठले नाहीत. जन्मभर त्यांना पाणी नाही ही एकच अडचण माहीत होती. पाणी आहे ही अडचण त्यांनी कधी पाहिलेली नव्हती.

अक्का त्यांच्याशेजारी उभी राहिली. ती फार बोलणारी नाही, पण त्या दिवशी बोलली. "अप्पा, मला इथं राहायचं न्हाई. ह्यांची बदली होईल तवा होईल. मी लेकराला घेऊन अहमदपूरला येते. इथं हिला सांभाळायला मला भ्या वाटतंय."

अप्पा म्हणाले, "ये." मग म्हणाले, "पण गावात आडाचं काय बोलू नको."

तिथंच मला त्यांना ओरडायचं होतं. जावयाच्या देखत ओरडता आलं नाही.

अक्का आली. माहेरी लेक चार दिवस आली तर कुणी काही म्हणत नाही. पण चार दिवसांचे चार महिने झाले, नवरा तिकडे, ही इकडे, नातीचं नाव इथल्या अंगणवाडीत. समोरच्या काकूंनी आईला विचारलं, "काय बिनसलंय का?" आई अप्पांच्या धाकानं म्हणाली, "न्हाई बाई, हवापालट." पाण्याची जागा सोडून अहमदपूरला, उन्हाळ्यात, हवापालट! एवढं बिनडोक कारण ऐकल्यावर गावानं स्वतःचं कारण तयार केलं. पोरगी भांडून आली. मग नवरा पितो. मग मारतो. मग हिचंच काहीतरी असेल, एवढं सोन्यासारखं घर सोडून कोण येतं. दोन भाऊबंदांनी परस्पर दाजींना फोन करून बायकोवर हात टाकू नये म्हणून समजावलं. ज्या माणसानं उधाणात लेकराला खांद्यावर घेऊन शाळा चालवली, त्याला हे! दाजींनी मला फोन केला. "मी काय केलं हो?" एवढंच म्हणाले, आणि फोन ठेवला.

अक्का बाहेर पडेनाशी झाली. लग्नाला नाही, हळदीकुंकवाला नाही. टँकरला तेवढं जावं लागायचं, कारण आईचे गुडघे गेले. तिथं ती गेली की बायकांचं बोलणं थांबायचं. बोलणं चालू असताना इतकं झोंबत नाही जितकं थांबल्यावर झोंबतं.

मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर मी नांदेडहून आले आणि आल्या दिवशीच अप्पांशी भांडले. दुकानात, गिऱ्हाइकासमोर. म्हटलं, एका वाक्याचं काम आहे. विहीर खारी निघाली, समुद्र घरात येतो, म्हणून पोरगी आली. एवढं सांगितलं की संपलं. अप्पा केबल मोजत म्हणाले, "लोक म्हणतील याला पाणी कळत न्हाई. मग मोटार कोण घेईल माझ्याकडून?" मी म्हटलं, "तुमच्या मोटारीपायी अक्काची इज्जत चाललीय." ते म्हणाले, "तू नांदेडची. तुला काय कळतं." माझा इतका संताप झाला की मी त्या गिऱ्हाइकालाच विचारलं, तुम्हाला मुलगी आहे का? तो केबल न घेताच गेला. अप्पा माझे वडील आहेत म्हणून, नाहीतर मी पुन्हा त्यांचं तोंड पाहिलं नसतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी टँकर आला. गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला आणि नेहमीसारखी आरोळी उठली, "पाणी आलं! पाणी आलं!" सगळ्या घरांतून घागरी, बादल्या, टिपाडं बाहेर पडली. अक्का घागर घेऊन दाराशी, मी टब घेऊन तिच्यामागं. तेवढ्यात आतून अप्पांचा आवाज आला. "आगं, हिला काय झालं बघा!"

नात बाजेवर उभी होती. स्वतःच्या चपला तिनं वर घेतल्या होत्या, माझी पर्स वर घेतली होती, कोपऱ्यातला तांदळाचा डबा तिला उचलता आला नव्हता म्हणून तो बाजेपर्यंत ओढत आणला होता. अप्पांच्या चपला तिच्या छातीशी. दुसऱ्या हातानं ती अप्पांचं धोतर ओढत होती. "अज्जा, वर या. लवकर या. पाणी आलं."

अप्पा हसले. "आगं, हे टँकरचं हाय. चांगलं पाणी हाय हे."

तिला पटेना. बाहेर आरोळी चालूच होती, आणि प्रत्येक आरोळीला ती जास्त जोरानं ओढत होती. शेवटी ती रडायला लागली. "अज्जा, पाय ओले होतील, वर या ना."

अक्का दारातूनच हळू म्हणाली, "तिकडं पाणी आलं म्हणलं की मी हिला बाजेवर बसवत होते, अप्पा. अन् सगळं वर घ्यायला लावत होते. इकडंबी तसंच असतंय, असं वाटलं तिला."

अप्पांचं हसू तिथंच गेलं. ते बाजेवर चढले. पाय वर घेऊन, मांडी घालून नातीशेजारी बसले. तिनं त्यांच्या पायांना हात लावून ते कोरडे आहेत का बघितलं, आणि मग रडायची थांबली. बाहेर टँकरभोवती झोंबाझोंबी सुरू झाली होती, आमचा नंबर जात होता, पण आम्ही कुणी हललो नाही.

थोड्या वेळानं अप्पा उतरले आणि तसेच बाहेर गेले. टँकरपाशी बायकांचा गलका होता, त्यात ते घुसले. अप्पा दुकानात मोठ्यानं बोलतात, पण बायकांत कधी नाही. ते म्हणाले, "माझी पोरगी भांडून न्हाई आली. कुणी तसं म्हणत असाल तर आज बंद करा. जावई देवमाणूस हाय. मी पाणी बघून पोरगी दिली अन् ते पाणी खारं निघालं. मी चाखलं न्हाई. आता तिथं घरात समुद्र यायलाय. माझं लेकरू पाणी आलं म्हणलं की भितंय." गलका थांबला होता, पण अक्काला बघून थांबायचा तसा नाही.

समोरच्या काकूंची घागर पाइपाखाली अर्धी भरली होती. टँकरच्या पाण्यासाठी या काकूंनी सख्ख्या जावेशी बोलणं टाकलेलं आहे. त्यांनी ती अर्धी घागर बाजूला ओढली आणि अक्काला म्हणाल्या, "ये गं. तू भर आधी."

अक्कानं घागर पाइपाखाली धरली. काकूंनी ती दुसऱ्या बाजूनं धरली. अप्पा रस्त्यात अनवाणी उभे होते. त्यांच्या चपला अजून बाजेवरच होत्या, आणि पाणी गेल्याशिवाय नात त्या खाली द्यायला तयार नव्हती.